नाथसागरात एवढं पाणी, मग वीज एवढी कमी का?

बीड जिल्ह्यातल्या एका तरुण ग्रामपंचायत सदस्याने विचारलं आहे: "जायकवाडी भरलं की शंभर टीएमसी पाणी असतं, तरी तिथे वीज इतकी कमी का होते? आमच्याकडे सौताड्याचा धबधबा आहे, गावात कोल्हापुरी बंधारा आहे. तिथे वीजकेंद्र होईल का? अशा केंद्राची जागा ठरवतात तरी कशी?"

प्रश्न फार चांगला आहे आणि मराठवाड्यात तो वारंवार विचारला जातो. माझी नोकरी जलविद्युत केंद्रांमध्ये गेली, त्यामुळे उत्तर थोडं लांब होईल.

आधी मुळातली गोष्ट. धरणात पाणी किती साठलंय यावरून वीज ठरत नाही. सेकंदाला किती पाणी यंत्रातून जातं आणि ते किती उंचीवरून खाली येतं, या दोन आकड्यांच्या गुणाकारावर ती ठरते. यंत्रासमोरची पाण्याची पातळी आणि यंत्रातून बाहेर पडल्यानंतरची पातळी यांतल्या फरकाला आम्ही 'हेड' म्हणतो. हिशेब सोपा आहे. प्रवाह घनमीटरमध्ये, हेड मीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करा आणि साधारण ८ ने गुणा. उत्तर किलोवॉटमध्ये येतं. खरा गुणक ९.८१ आहे, पण नळातलं घर्षण, टर्बाइन (पाण्याने फिरणारं चक्र) आणि जनित्र यांतला तोटा वजा केला की मोठ्या केंद्रात तो आठ-साडेआठ उरतो. छोट्या यंत्राला मी सहा-सातच धरतो.

आता हाच हिशेब जायकवाडीला लावा. नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, एकूण साठवण सुमारे १०२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). कोयनेच्या शिवसागराची सुमारे १०५. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखीच. पण कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आणि जायकवाडीच्या पायथ्याशी असलेल्या पैठणच्या केंद्राची फक्त १२ मेगावॉट. कारण कोयनेचं पाणी धरणाच्या पायथ्याशी सोडत नाहीत. नदी मुळात पूर्वेला वाहते. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या भुयारांतून पश्चिमेला नेऊन कोकणच्या बाजूला पोफळीकडे उतरवलं आहे. त्यामुळे पावणेपाचशे मीटरच्या आसपास हेड मिळतो. त्याच कोयना धरणाच्या पायथ्याशी जे वीजगृह आहे, ते ४० मेगावॉटचंच आहे. पैठणला हेड पंचवीस-तीस मीटर. नदी आणि धरण कितीही मोठं असलं, तरी जमीन सपाट आहे.

हे टँकरच्या भाषेत सांगतो, कारण आपल्याकडे पाणी टँकरनेच मोजायची वेळ येते. पैठणला एक युनिट वीज करायला साधारण सोळा हजार लिटर पाणी यंत्रातून जावं लागतं, म्हणजे टँकर दीड टँकर. कोयनेला हजार लिटरच्या आत काम भागतं. एक टीएमसी पाणी एक मीटर खाली आलं की ढोबळमानाने ६५ हजार युनिट मिळतात. पुढचा गुणाकार कोणालाही जमेल. एक खुलासा मात्र हवा. १२ आणि १,९६० या आकड्यांतला सगळा फरक उंचीचा नाही. कोयनेची यंत्रं संध्याकाळच्या मागणीला थोडे तास पूर्ण जोर लावता यावा म्हणून मुद्दाम मोठी ठेवली आहेत. एका टीएमसीमागे मिळणाऱ्या विजेचा फरक सतरा-अठरा पट आहे.

केंद्र आतून कसं असतं ते थोडक्यात. पाणी घेण्याच्या तोंडाशी कचरा अडवणारी लोखंडी जाळी असते. तिथून पोलादी नळातून, म्हणजे पेनस्टॉकमधून, पाणी खाली येतं. टर्बाइनभोवती हलणारी पाती असतात. ती कमीजास्त उघडून पाणी किती जाऊ द्यायचं ते ठरतं. पाण्याने चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं जनित्र फिरतं, आणि जोर काढून घेतलेलं पाणी खालच्या बाजूने नदीत किंवा कालव्यात जातं. त्याला आपण अवजल म्हणतो. पाणी खर्च होत नाही, फक्त त्याची उंची खर्च होते. यंत्र सुरू करून जोडायला काही मिनिटं पुरतात. औष्णिक केंद्राला थंड अवस्थेतून उठायला कित्येक तास लागतात, म्हणून ग्रीड, म्हणजे विजेचं सामायिक जाळं, सांभाळणाऱ्या माणसाला जलविद्युत फार प्रिय असते.

कमी हेडची एक अडचण बाहेरून दिसत नाही. उंची कमी असली की तेवढ्याच विजेसाठी जास्त पाणी लागतं, म्हणून यंत्र आकाराने मोठं होतं आणि सावकाश फिरतं. ग्रीडला मात्र ५० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून परत येणारी वीजच हवी. मिनिटाला १५० फेरे फिरणाऱ्या जनित्राला त्यासाठी ४० चुंबकीय ध्रुव लागतात. तांबं, पोलाद, काँक्रीट सगळंच वाढतं. मेगावॉट तेवढेच, पण खर्च जास्त. सपाट मुलखातली वीज महाग पडते ती अशी.

आता जायकवाडीचं दुसरं कारण, आणि माझ्या मते ते उंचीइतकंच महत्त्वाचं आहे. हे धरण शेती आणि पिण्यासाठी बांधलेलं आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ साली लोकार्पण झालं, तेव्हा डोळ्यासमोर डावा आणि उजवा कालवा होता. कालव्याचं पाणी कडेने आणि वरच्या पातळीवरून निघतं, कारण ते लांबच्या शेतापर्यंत उताराने पोचवायचं असतं. तिथे उंची गमावणं परवडत नाही. वीजगृहाचं पाणी उतरतं ते नदीत. म्हणजे केंद्र पूर्ण चालवलं की पंधराशे-सोळाशे क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी गोदापात्रात जातं आणि कालव्याच्या शेतकऱ्याच्या हातून सुटतं. खाली आपेगाव, हिरडपुरी अशा बंधाऱ्यांत त्यातलं काही अडतं, पण सगळं नाही. म्हणून धरण भरून पाणी सोडायचंच असेल, किंवा खालच्या गावांसाठी नदीत पाणी द्यायचं ठरलं असेल, तेव्हा ते वीजगृहातून सोडणं शहाणपणाचं. नाथषष्ठीच्या यात्रेसाठी पाण्याची मागणी होते, तिथेही तोच नियम असावा असं मला मनापासून वाटतं. सांडव्याचं दार उघडून दिलेल्या पाण्याची सगळी ताकद खालच्या काँक्रीटवर आपटून संपते.

पैठणचं यंत्र उलटंही फिरू शकतं. जादा वीज असेल तेव्हा खालच्या बंधाऱ्यातलं पाणी पुन्हा धरणात चढवायचं आणि मागणीच्या वेळी खाली सोडायचं, अशी त्याची रचना १९८४ साली केली गेली. या पद्धतीवर पुढे येतो.

उलटी बाजूही पाहा. छत्रपती संभाजीनगरचं पिण्याचं पाणी याच जलाशयातून पंपाने चढवतात. शहर जलाशयाच्या पातळीपेक्षा शंभर मीटरहून उंचावर आहे. पैठणला एक घागर पाणी खाली सोडून जेवढी वीज मिळेल, तीच घागर शहरात पोचवायला त्याच्या किमान पाचपट वीज जाते. नांदेडची विष्णुपुरी योजनाही पाणी उपसूनच चालते. मराठवाड्यात पाणी विजेला जन्म देण्यापेक्षा वीज पाण्याला वर चढवण्याचं काम जास्त करते. आणि परळीचं औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पाणी आणि वीज यांचं नातं आपल्याकडे असं आहे. नियोजन करताना ते विसरून चालणार नाही.

मग मराठवाड्यात नीट बसलेलं केंद्र कोणतं, असं विचाराल तर मी येलदरीचं नाव घेईन. परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर हे धरण आहे, उंची सुमारे ५१ मीटर. साडेसात मेगावॉटचे तीन संच, मिळून साडेबावीस. १९६८ पासूनचं केंद्र. तिन्ही संच चालले की २,७०० क्युसेकच्या आसपास पाणी जातं. हिशेब करून पाहा: सेकंदाला एक घनमीटर म्हणजे ३५ क्युसेक, म्हणून २,७०० क्युसेक म्हणजे सेकंदाला ७६ घनमीटर, हेड ३४-३५ मीटर, गुणक साडेआठ. उत्तर साडेबावीस मेगावॉटच्या आसपासच येतं. पण येलदरीची खरी खुबी खाली आहे. वीजगृहातून निघालेलं पाणी सिद्धेश्वर धरणात जाऊन थांबतं आणि सिंचनाचे कालवे तिथून निघतात. त्यामुळे विजेसाठी पाणी सोडण्याची वेळ आणि शेतीला पाणी देण्याची वेळ एकमेकांत अडकत नाही. वीज संध्याकाळी करा, पाणी सिद्धेश्वरमध्ये जमा होईल, आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, पाहिजे तेव्हा द्या. एका थेंबाकडून दोन कामं. वरच्या बाजूला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा झाल्यावर येलदरीची आवक त्यावरही अवलंबून राहू लागली आणि पाण्याविना संच थांबण्याचे दिवसही आले, हेही खरं. पण ती अडचण आवकेची आहे, मांडणीची नाही. माजलगावला पाऊण मेगावॉटची तीन छोटी जनित्रं आहेत. सिंचनाच्या पाण्यातून जमेल तेवढी वीज काढण्याचाच तो प्रयत्न.

आता सौताडा. धबधबा पाहिला की कोणालाही वाटतं, इथे वीज का नाही? उंची साठ-सत्तर मीटर, म्हणजे पैठणच्या दुपटीहून जास्त. पण बालाघाटचा हा कडा आहे तो पाणलोटाच्या दुभाजकाजवळ. नदी तिथे नुकती जन्मलेली असते, तिच्यामागचं पाणलोट क्षेत्र लहान असतं. मराठवाड्याचं दुखणं नेमकं हे आहे: जिथे उंची आहे तिथे पाणी नाही, आणि जिथे गोदावरी-पूर्णेसारखं पाणी आहे तिथे जमीन सपाट. पैठणहून नांदेडपर्यंत गोदावरी दोन-अडीचशे किलोमीटर वाहते आणि जलाशयाच्या पातळीपासून मोजलं तरी शंभर मीटरच्या आसपासच उतरते. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर उंची आणि पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस एकाच ठिकाणी भेटतात. आपल्याकडे पाऊस सातशेच्या आसपास, तोही चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत.

समजा सौताड्याला पाऊस ओसरल्यावर सेकंदाला शंभर लिटर धार आहे. ०.१ गुणिले ६० गुणिले ७, म्हणजे ४२ किलोवॉट. ऐकायला बरं वाटतं. पण फेब्रुवारीत तीच धार शून्य. आणि पुराच्या दिवशी येणारं पाणी पेलायला यंत्र मोठं करावं, तर ते वर्षाचे अकरा महिने गंजत बसेल. किनवटजवळ पैनगंगेवरच्या सहस्रकुंडबद्दलही असंच विचारतात. तिथे नदी मोठी आहे, पण उन्हाळ्यात टर्बाइन फिरवायला वरच्या बाजूला साठवण लागेल, म्हणजे पुन्हा बुडीत क्षेत्र आलं. जायकवाडीत शंभराहून जास्त गावं गेली. मराठवाड्याने ती किंमत एकदा मोजली आहे. नुसत्या विजेसाठी इथे नवं धरण बांधा असा सल्ला मी देणार नाही.

तुमच्या कोल्हापुरी बंधाऱ्याचा हिशेब आणखी स्पष्ट आहे. फळ्या टाकल्यावर तीन मीटर फरक, आणि हिवाळ्यात सेकंदाला दोनशे लिटर प्रवाह धरू, जो तुमच्या भागात उदार अंदाज आहे. ३ गुणिले ०.२ गुणिले ६, म्हणजे ३.६ किलोवॉट. पाच हॉर्सपॉवरची एक मोटर, बस. तीही तीन महिने. रात्रंदिवस चाललं तरी पावणेआठ हजार युनिट. ग्रामपंचायतीच्या छतावर पाच-सहा किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले तर वर्षात तेवढीच वीज मिळते, पुरात वाहून जायची भीती नाही, आणि बंधाऱ्याचं पाणी विहिरींना मुरायला मोकळं राहतं. इथे जलविद्युतचा नाद सोडा, असं मी स्पष्ट सांगतो.

जागा ठरवताना आम्ही सगळ्यात आधी नदीच्या प्रवाहाच्या कित्येक वर्षांच्या नोंदी मागतो. सिंचन प्रकल्पाला चार वर्षांत तीन वर्षं पाणी मिळालं तरी तो मान्य होतो. त्याला ७५ टक्के विश्वासार्हता म्हणतात. विजेचा हिशेब ९० टक्के विश्वासार्हतेच्या वर्षावर मांडतात, म्हणजे दहातलं जवळजवळ सर्वांत वाईट वर्ष. मराठवाड्यातल्या बहुतेक कल्पना या पहिल्याच चाळणीत गळतात. त्यानंतर वरच्या लोकांचे हक्क. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी यायचं याचा वाद आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा आहे का, हे पाहून वरून पाणी सोडण्याचा हिशेब तुम्हाला माहीत आहेच. वरचं पाणी ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमचं टर्बाइन. मग उपकेंद्र किती लांब आहे ते पाहायचं. छोट्या केंद्रात विजेची लाईनच प्रकल्पाचं गणित बिघडवते.

खडकाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण याकडे फार दुर्लक्ष होतं. आपला दख्खनचा बेसाल्ट दिसतो एकसंध, पण तो लाव्ह्याच्या थरांवर थर आहे. दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीसारखा मऊ पट्टा असतो, कधी खडकाला उभ्या भेगा असतात. घट्ट थरात भुयार खणलं तर अस्तर फार लागत नाही. लाल पट्टा आडवा आला की छत ढासळतं आणि पाणी झिरपतं. म्हणून नुसत्या डोळ्यांनी खडक पाहून समाधान मानू नये. बोअर घेऊन, त्यात दाबाने पाणी सोडून ते किती गळतं हे मोजावंच लागतं. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. तो झाला तोपर्यंत हा भाग स्थिर समजला जात होता. आता मराठवाड्यात कोणतंही धरण किंवा वीजगृह आखताना भूकंपाचा भार गृहीत धरण्यात कुचराई करणं हा मी गुन्हा मानतो.

मग आपल्याकडे करण्यासारखं काय आहे? जे पाणी दुसऱ्या कामासाठी सोडणारच आहोत, त्याची वाया जाणारी उंची पकडणं. धरणांचे विमोचक (पाणी बाहेर सोडायच्या वाटा) आणि कालव्यांवरचे फॉल (पाणी पायरीसारखं एकदम खाली उतरतं त्या जागा) ही त्याची जागा. एखाद्या मोठ्या कालव्यावर चार मीटरचा फॉल आहे आणि आवर्तनात सेकंदाला तीस घनमीटर पाणी जातं असं समजा. नऊशे किलोवॉट झाले. वर्षात शंभर दिवस पाणी चाललं तर एकवीस लाखांहून जास्त युनिट. नवं बुडीत नाही, नवं भूसंपादन नाही, शेतकऱ्याचा थेंब कमी होत नाही. अडचणी दोन. यंत्र वर्षाचे दोन तृतीयांशाहून जास्त दिवस बसून राहतं, आणि आपल्या कालव्यांची वहनक्षमता अस्तर फुटून, गाळ साचून घटली आहे. कागदावरचा प्रवाह प्रत्यक्षात मिळेलच असं नाही. कालव्याची दुरुस्ती आधी, टर्बाइन नंतर. हा क्रम उलटा केला की पैसा बुडतो.

दुसरी वाट उदंचनाची, म्हणजे वर एक तळं, खाली एक तळं. दिवसा सौर विजेने पाणी चढवायचं आणि संध्याकाळी उतरवून वीज करायची. चढवायला शंभर युनिट लागली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. अकोले तालुक्याच्या टोकाला घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प असाच आहे. इथे नदी मोठी लागत नाही, उंची लागते आणि दोन तळी जवळ लागतात. आडवं अंतर उंचीच्या दहापटीच्या आत असेल तर जागा विचार करण्यालायक. कन्नडजवळ अजिंठ्याची रांग खानदेशकडे एकदम खाली उतरते, बालाघाटलाही कडे आहेत. दीडशे मीटर उंची मिळाली तर १०० मेगावॉट सहा तास चालवायला सोळा-सतरा लाख घनमीटर पाणी पुरतं, म्हणजे एका टीएमसीचा सोळावा-सतरावा भाग.

पण दोन गोष्टी मी ठामपणे सांगेन. कन्नडच्या त्या कड्यावर गौताळा अभयारण्य आहे. उंची छान आहे म्हणून जंगल उघडं करणं मला मान्य नाही. आणि बाष्पीभवन. मराठवाड्यात उघड्या तळ्यावरून वर्षाला दीड मीटरहून जास्त पाणी उडतं. वर सांगितलेल्या आकाराच्या प्रकल्पात दरवर्षी तीन-चार लाख घनमीटर पाणी नव्याने भरावं लागेल. माणशी ५५ लिटर धरले तर दहा हजार वस्तीच्या गावाला वर्षाला दोन लाख घनमीटर लागतात. हे पाणी कोणाच्या वाट्यातून येणार, हा प्रश्न ग्रामसभेत आधी विचारा. उत्तर 'पावसाळ्यातलं वाहून जाणारं' असं मिळालं, तर २०१५ सारख्या दुष्काळी वर्षी ते कुठून आणणार, तेही विचारा.

तुम्हाला स्वतः मोजून पाहायचं असेल तर फार साहित्य लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून टप्प्याटप्प्याने उंचीचा फरक काढा. प्रवाहासाठी पात्राचा वीसेक मीटरचा सरळ तुकडा निवडा, रुंदी आणि चार-पाच ठिकाणची खोली मोजा, मध्यभागी लाकडाचा तुकडा सोडून किती सेकंदात पोचतो ते पाहा. पृष्ठभागाचा वेग खालच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून आलेल्या वेगाला ०.८ ने गुणा. हे ऑक्टोबरमध्ये करा, डिसेंबरमध्ये करा आणि मुख्य म्हणजे मार्चमध्ये करा. ज्याला मार्चचा आकडा माहीत नाही, त्याने केंद्राचा ठराव मांडू नये. आणि तुमच्या तालुक्यातून कालवा जात असेल तर पाटबंधारे शाखेत जाऊन फॉलची यादी मागा: साखळी क्रमांक (कालव्यावरचं ठिकाण), फॉलची उंची, संकल्पित प्रवाह, आणि गेल्या पाच वर्षांत प्रत्येक आवर्तनात प्रत्यक्ष किती दिवस किती क्युसेक पाणी चाललं. तीन मीटरच्या वरचे फॉल वेगळे काढा आणि मला पाठवा. त्यातल्या एखाद्या ठिकाणी हिशेब बसतो का, ते आपण मिळून पाहू.